चोडणची खारफुटी वाढतेय म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांसाठी

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तरच वाचा, पण अर्धी वाचून कमेंट करू नका.

आज 26 जुलै, जागतिक खारफुटी दिन. सकाळपासून एकच फोटो दहा ग्रुपवर आला. चोडण बेटावरचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, हिरवीगार खाडी, त्यात होडी, होडीत दुर्बिणी लावून बसलेले पर्यटक. खाली ओळ, 'गोव्यात खारफुटी वाढतेय, अभिमान बाळगा.'

वाढतेय हे खरंच आहे. वन सर्वेक्षणाच्या 2019 च्या अहवालात गोव्याची खारफुटी 26 चौरस किलोमीटर होती, 2021 च्या अहवालात 27 झाली. पण ती वाढतेय कुठे, हे कुणी विचारलंय? उपग्रहाला वरून हिरवा रंग दिसतो. तो नदीकाठचा हिरवा की कुणाच्या भातशेतात घुसलेला, हे त्या आकड्यात कळत नाही.

रायबंदरहून फेरी पकडून चोडणला उतरा. धक्क्याजवळच अभयारण्याची पाटी आहे. बेटाच्या पश्चिम टोकाला, मांडवीच्या काठी, फक्त 178 हेक्टर. 1988 साली ते जाहीर झालं, सलीम अलींच्या निधनाच्या पुढच्या वर्षी. आत चिखलात उड्या मारणारे मासे, खेकडे, बगळे, काळ्या टोपीचा खंड्या, नशीब असेल तर पाणमांजरं. थंडीत पाहुणे पक्षी. या जागेबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. झाडाला हात लावू नये, बोटींचा गोंगाट कमी करावा, एवढंच म्हणेन.

आता पाटी सोडून बेटावर आत जा. तिथे खाजन आहे. गोव्याबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. खाजन म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी खाडीला मातीचे बांध घालून मिळवलेली जमीन. गोव्यात अशी जमीन साधारण 18 हजार हेक्टर सांगतात. बांधाला ठिकठिकाणी मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीचं पाणी दाराला बाहेरून रेटतं, दार बंद. ओहोटीला आतलं पाणी रेटतं, दार उघडतं. वीज नाही, इंजिन नाही. पावसाने जमिनीतलं मीठ धुतलं की कोरगुट भात, भात निघाला की सुंगटं नि मासे. आणि बांधाच्या बाहेर, नदीच्या बाजूला, खारफुटीची रांग. ती मुद्दाम राखलेली असायची, लाटेचा मार तिने खावा म्हणून. म्हणजे खारफुटीची किंमत आपल्या शेतकऱ्याला जागतिक दिन निघायच्या कितीतरी आधी ठाऊक होती. पण बाहेर. आत नव्हे.

ती आत कशी आली? बांध मातीचा. खेकडा एक बीळ पाडतो, त्यातून पाणी झिरपायला लागतं. तेव्हाच चिखल भरला तर अर्ध्या दिवसाचं काम. नाही भरला तर पुढच्या उधाणाला भगदाड. पूर्वी ही राखण कोमुनिदाद नि गावकरी करायचे. कूळ कायद्यानंतर ती कुळांच्या संघटनांकडे आली. त्यातल्या बऱ्याच आज फक्त कागदावर जिवंत आहेत, आणि मानशीच्या लिलावाच्या दिवशी! लिलाव घेणाऱ्याला मासळी हवी. जितकं खारं पाणी आत, तितकी सुंगटं जास्त. मग दार उघडं ठेवलं जातं, शेतात मीठ चढतं, एक-दोन वर्षं भात येत नाही, शेतकरी सोडून देतो. पडीक खाजनात भरतीबरोबर बिया येतात, आणि चार पावसाळ्यांत तिथे माणसाच्या उंचीची खारफुटी.

मग शेतकऱ्याला जाग येते (उशिराच, हे मान्य). बांध दुरुस्त करून शेत साफ करूया म्हणतो, तर समोर कायदा उभा. खारफुटी संरक्षित आहे, तोडली तर गुन्हा. चोडणच्या एका वयस्कर काकांनी मला एका वाक्यात सांगितलं, "शेत म्हजें, झाडां तांचीं."

हाच कायदा मोठ्या प्रकल्पापुढे किती वाकतो बघा. मुंबईत उच्च न्यायालयाने 2018 साली खारफुटीचा नाश म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला, असा निकाल दिला. 2022 च्या डिसेंबरमध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे 20 हजार खारफुटीची झाडं तोडायला परवानगी मिळाली. सार्वजनिक हित, बदल्यात दुसरीकडे लागवड. ठीक आहे. मग भात पिकवणं हे कुणाचं खासगी हित?

पक्षीमित्रांनी रागावू नये, तुमच्याच बाजूचं बोलतोय. पक्ष्याला नुसती झाडी लागत नाही. बदकांना, चिखलपायी पक्ष्यांना उघडं उथळ पाणी नि ओला चिखल लागतो, आणि तो खाजनात असतो. सगळं खाजन गच्च झाडीने भरलं तर 178 हेक्टरच्या तुकड्यात कोण कोण मावणार?

आणि या वादात हात चोळत बसलेला तिसरा गडी आहे, जमिनीचा दलाल. शेतकरी कंटाळला की तो येतो. 'असं नाहीतरी पिकत नाही, दे मला.' आधी मातीचा एक ट्रक, मग दहा.

2011 च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे. त्यात लिहिलंय, खाजनालगतची खारफुटी राखा आणि खाजनासाठी व्यवस्थापन आराखडा करा. पहिलं अर्धं वाक्य सगळ्या अधिकाऱ्यांना पाठ आहे. दुसऱ्या अर्ध्याचं काय झालं? तो आराखडा तुमच्या पंचायतीत कुणी पाहिलाय का?

म्हणून चोडण, दिवाडी, मये, जिथे कुठे खाजन आहे तिथल्या वाचकांना विनंती. आपल्या मानशीचा लिलाव कितीला गेला, त्यातले किती पैसे बांधावर खर्च झाले, हे माहिती अधिकारात लेखी विचारा. अर्जाचा मसुदा मी करून देतो, इनबॉक्समध्ये या. उत्तर आलं की इथेच छापू. नाही आलं तर तेही छापू.