नुसतं टाईप करणं म्हणजे शोधणं नव्हे

मंडळी, या वीकेंडला जरा भांडायचं आहे. भांडण आमच्या वऱ्हाडातल्या बायोटेक आणि शेतकी शिक्षणाशी आहे. मला भेटणाऱ्या अकोला-अमरावतीच्या पोरांना जेनबँक १९८२ ची आणि एनसीबीआय १९८८ ची हे तोंडपाठ असतं, परीक्षेत येतं ना! पण त्याच एनसीबीआयच्या पबमेडमध्ये नेमकं हवं ते कसं शोधायचं, हे त्यांना कुणी बसून दाखवलेलंच नसतं.

माझा मामेभाऊ अकोल्याला एमेस्सी करतो. विषय गुलाबी बोंडअळी. विषय काही हौसेचा नाही. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, २०१० मध्ये गुजरातेतून अळी बीटीला दाद देत नसल्याची बातमी आली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातली बोंडं आतून पोखरली गेली. घरोघरी माहीत असलेलं दुःख आहे ते. तर हा पठ्ठ्या फोनवर म्हणतो, "दादा, आपल्या इकडचं काईच नाई भेटून राह्यलं ना बाप्पा!" त्यानं खोक्यात टाकलं होतं एक अख्खं वाक्य, गूगलबाबाला विचारतात तसं.

अरे, पण हा डेटाबेस आहे! आपण आयटीवाले व्हेअर क्लॉज न लावता प्रॉडक्शनवर क्वेरी मारतो का? पबमेडच्या खोक्याखाली 'ॲडव्हान्स्ड' अशी लिंक आहे. तिथे शब्द शीर्षकात हवा, लेखकाच्या पत्त्यात हवा की अमुक वर्षांतला हवा, हे सांगता येतं. अँड, ऑर, नॉट कॅपिटलमध्ये लिहायचे. आणि एस्क्यूएलवाल्यांनो, सावधान! इथे अँड आधी सुटत नाही, सगळं डावीकडून उजवीकडे वाचलं जातं. कंस विसरलात तर 'क्राय१एसी अँड पेक्टिनोफोरा ऑर प्लॅटिएड्रा' या शोधात प्लॅटिएड्राचे सगळेच पेपर अंगावर येतात, क्राय१एसीशी संबंध असो वा नसो. ही दोन नावं कशाला? जुन्या संशोधनात याच अळीचं नाव प्लॅटिएड्रा होतं. ते ठाऊक नसेल तर जुनं सगळं काम तुमच्यासाठी अस्तित्वातच नाही.

अमरावतीवर काय झालंय ते शोधायचंय? पत्त्याच्या रकान्यात अमरावती टाका. पण इंग्रजीत स्पेलिंग किती! इंग्रजांच्या काळातलं 'अम्रावती' नव्हे, 'अमराओती' वेगळं, आणि जादा 'ए' घातला की आंध्रातली अमरावती हजर. मग नॉट आंध्र लावावं, तर आपल्या माणसानं आंध्रातल्या कुणाबरोबर केलेला पेपरही गायब. शिवाय २०१३ पर्यंतच्या नोंदींत साधारणपणे पहिल्याच लेखकाचा पत्ता असे. म्हणजे 'आपल्याकडचं काही नाही' म्हणण्याआधी आपण नक्की काय विचारलं, ते बघावं लागतं. त्याच ॲडव्हान्स्ड पानावर केलेल्या शोधांचा इतिहास दिसतो आणि तुमच्या शब्दांचा पबमेडनं काय अर्थ लावला तेही दिसतं. बघतो कोण?

सीक्वेन्स शोधतानाही तेच. नुसतं 'कॉटन' टाका, कापसाबरोबर कापसावरचा मावा आणि कापसाचे विषाणूही येतील. ऑर्गनिझमच्या रकान्यात गॉसिपियम टाका, मग देशी आणि अमेरिकन दोन्ही कापूस येतील, आणि कापूसच येईल.

आता नेहमीची कारणं. "पैसे लागतात." नाही, पबमेड १९९७ पासून सगळ्यांना फुकट आहे. भारतातल्या शेतांमधल्या याच अळीच्या कॅडहेरिन जनुकावरचा २०१४ चा पेपर प्लॉस वनमध्ये पूर्ण वाचायला मिळतो. अकोल्यात बसलेल्याला आणि बोस्टनमध्ये बसलेल्याला तोच. "एआयला विचारतो ना." विचारा की! पण तो कधीकधी नसलेले पेपर छातीठोकपणे सांगतो. ते खरे आहेत का हे बघायला पुन्हा याच खोक्यापाशी यावं लागणार. "शेतीचं पबमेडमध्ये नसतं." हे मात्र अर्धं खरं आहे. त्याचा कल वैद्यकाकडे आहे, शेतीची कितीतरी नियतकालिकं तिथे नाहीत. म्हणून तर कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांसाठी कृषिकोश आणि इतर विद्यापीठांसाठी शोधगंगा बघायचं. कुठे काय नाही हे कळणं हाही शोधण्याचाच भाग आहे.

नाहीतर होतं काय? जे उत्तर कुणीतरी आधीच काढलंय, त्यासाठी पोरगं पुन्हा एक अख्खा हंगाम अळ्या पाळत बसतं. गाईडला पर्वा नाही, परीक्षकाला पत्ता नाही. आणि कापसाचा हंगाम वर्षातून एकदाच येतो, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला हवं का?

माझी मागणी फार मोठी नाही. नवी लॅब नको, नवा अभ्यासक्रम नको. प्रोजेक्टच्या शेवटी संदर्भांची यादी जोडायला लावता ना? तिच्या आधी एक पान वाढवा: कुठे शोधलं, कोणत्या तारखेला, कोणते शब्द आणि कोणते कंस लावून. त्या पानाला दहा मार्क द्या. मार्क आहेत म्हटल्यावर पोरं आपोआप शिकतील, आणि सर-मॅडमनाही शिकावं लागेल.

असो. पटलं तर गावाकडच्या एखाद्या गाईडला कळवा, नाही पटलं तर भांडायला या. पण येताना तुमची सर्च स्ट्रिंग घेऊन या!