दिरंगाई साहेबांची, पेन्शन गेली कामगारांची

पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय १ एप्रिल २००३ रोजी जबलपुरात आले. झोन नऊ महिन्यांचा होतो न होतो तोच, १ जानेवारी २००४ पासून, केंद्र सरकारने नव्या भरतीची जुनी पेन्शन काढून घेतली. सैन्यदलांना त्यातून वगळले. रूळ सांभाळणारा ट्रॅकमन आणि रात्रभर टपाल लावणारा आर.एम.एस.चा सॉर्टर मात्र बाजाराच्या हवाली झाला.

आज एकाच गँगमध्ये दोन म्हातारपणे काम करतात. एकाला शेवटच्या मूळ पगाराची निम्मी पेन्शन, वर महागाई, आणि त्यासाठी वर्गणी एक पैसाही नाही. दुसऱ्याच्या मूळ पगार व महागाई भत्त्यातून दरमहा दहा टक्के कापले जातात, आणि हाती काय येणार ते शेअर बाजार सांगणार! वर आम्हालाच उपदेश, की जुळवून घ्या, मन शांत ठेवा, प्राणायाम करा. प्राणायामाशी आमचे भांडण नाही. पण सहा जणांचे काम चौघांवर टाकून वर श्वास मोजायला सांगणे ही थट्टा आहे.

यातही सर्वांत संतापजनक प्रकार दिरंगाईचा. जागा २००३ मध्ये जाहीर झाल्या, परीक्षाही झाल्या. मग वैद्यकीय तपासणी, पोलीस पडताळणी, या टेबलावरून त्या टेबलावर फाईल. ज्याला डिसेंबरात रुजू करून घेतले तो तरला, ज्याला जानेवारीत घेतले तो बुडाला. उमेदवार तोच, यादी तीच. माणसे वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिली, तेव्हा कुठे ३ मार्च २०२३ रोजी आदेश निघाला: २२ डिसेंबर २००३ पूर्वी जाहीर झालेल्या जागांवर लागलेल्यांना जुन्या पेन्शनचा एकदाच विकल्प, मुदत ३१ ऑगस्ट २०२३. ज्यांची जागा त्याआधीच रिकामी होती, पण जाहिरात उशिरा निघाली, ते बाहेरच. जाहिरात केव्हा काढायची हे ठरवते कोण? प्रशासनच ना?

१ एप्रिल २०२५ पासून ‘एकीकृत’ पेन्शन आली. ढोल मोठा वाजला. निम्म्या पगाराची हमी आहे, पण २५ वर्षे सेवा झाली तर, आणि तीही शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर. जुन्या योजनेत दहा वर्षांना पूर्ण निम्मे मिळत होते. अनुकंपा तत्त्वावर चाळिसाव्या वर्षी लागलेली आमची विधवा भगिनी साठीपर्यंत २५ वर्षे कुठून आणणार? दहा टक्के कपात मात्र चालूच. माल इतका गोड असता तर विकल्पाची मुदत लांबवत लांबवत ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत न्यावी लागली नसती.

खजिन्यात पैसा नाही म्हणतात. मग याच योजनेत सरकार स्वतःचे साडेअठरा टक्के कुठून घालते?

मंडला-डिंडोरीच्या जंगलपट्ट्यात टपाल पोचवणाऱ्या ग्रामीण डाक सेवकाला तर हेही नाही. त्याचे पद नागरी सेवेतले आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच म्हटले. तरी तो पुढे पोस्टमन झाला की आधीच्या सेवेची वर्षे पेन्शनला धरत नाहीत. पेन्शन ही मालकाच्या मर्जीची देणगी नाही, केलेल्या सेवेचा मोबदला आहे, हेही त्याच न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सांगितले होते. सरकारला तो निकाल ठाऊक नाही असे नव्हे.

आमची मागणी सरळ आहे. जाहिरातीची नव्हे, जागा रिकामी झाल्याची तारीख धरा, आणि विकल्पाचे दार पुन्हा उघडा. २२ डिसेंबर २००३ पूर्वीच्या जागांवर लागूनही ज्यांचा विकल्प राहिला, त्यांनी जाहिरात, निवडपत्र व रुजू झाल्याचा दाखला यांच्या नकला आपल्या शाखा सचिवाकडे द्याव्यात. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नयेत, साहेबाच्या तर नाहीच.