म्हणाला, बोलला, सांगितले

लातूरच्या मोंढ्यातील एका अडत दुकानात संध्याकाळचा रोजमेळ मिळवणे चालू होते. इतक्यात आठवीत शिकणारी नात इंग्रजीची वही घेऊन गादीपाशी आली. ‘ही सेड मी’ या तिच्या वाक्याखाली तांबडी रेघ होती आणि बाईंनी वर ‘टोल्ड’ असे लिहिले होते. तिची तक्रार साधी होती. “आजोबा, ‘से’ काय आणि ‘टेल’ काय, अर्थ एकच ना? मग माझे चुकले कुठे?”

आजोबांनी लेखणी खाली ठेवली. “अगं, आज दुकानात तीन माणसे आली. एक जण काही म्हणाला, एक जण बोलला आणि एकाने सांगितले. तिघांचे काम एकच होते का?”

म्हणाला तो गिऱ्हाईक शेतकरी. ‘यंदा भाव चढणार म्हणे’, एवढेच त्याचे वाक्य. बोलला तो खरेदीदार. सौद्याच्या वेळी तुरीच्या ढिगापाशी उभा राहून त्याने बोली बोलली. आणि सांगितले ते मुनिमाने. त्याने एका शेतकऱ्याला फोनवरून हिशोबपट्टीचा आकडा सांगितला. इंग्रजीतील ‘टेल’ला जसा समोर ऐकणारा लागतो, तसा मराठीतील ‘सांगणे’ यालाही लागतो. कोणाला सांगितले, हे आल्याशिवाय ते वाक्य पुरे होत नाही. ‘म्हणणे’ एकट्यालाही जमते; मनुष्य मनाशीदेखील म्हणतो. नातीला तिची चूक येथेच उमगली. पण या तीन क्रियापदांचा हिशोब तेवढ्यावर संपत नाही.

ही क्रियापदे पुष्कळ जुनी आहेत. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात रचलेल्या व्याकरणाचा आठवा अध्याय प्राकृत भाषांना वाहिलेला आहे. संस्कृत ‘कथ्’ या एका धातूच्या जागी लोकांच्या तोंडी असणारे दहा धातू त्यांनी तेथे एका सूत्रात नोंदवले. त्यांपैकी ‘बोल्ल’ म्हणजे आपले बोलणे. ‘संघ’ याचे नाते ‘सांगणे’शी जोडले जाते. ‘म्हणणे’ हे ‘भण्’ या धातूपासून आले. बोलीभाषेतील शब्दांनाही शास्त्रात खाते उघडून देण्याचे हे काम एका जैन आचार्यांनी केले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात; तसेच एकेका क्रियापदाला अनेक अर्थ येऊन मिळतात. स्थळ ‘सांगून’ येते, मग दोन्ही घरची ‘बोलणी’ होतात. सुनेला ‘बोलणी’ खावी लागली, तर मात्र तो शब्द तोच असून अर्थ उलटा होतो. ‘बोल’ लावला की दोष येतो आणि ‘अबोला’ धरला की घर मुके होते. ‘म्हणून’ कारण दाखवते, ‘म्हणजे’ उलगडा करते आणि ‘म्हणे’ तर अफवेचाच पोशाख आहे.

याच दुकानाची सोयरीक नांदेडची. तिकडे देगलूर-बिलोलीच्या बाजूला तेलुगू गिऱ्हाईक ‘चेप्पु’ म्हणते. इकडे निलंगा-उदगीरच्या सीमेवर कानडी माणूस ‘हेळु’ म्हणतो. १९४८ पर्यंत निजामाचा अंमल असल्याने कचेरीची भाषा उर्दू होती. बाजारातील दखनी मात्र सगळे काम एकट्या ‘बोलना’वर भागवते आणि आपल्या ‘म्हणून’च्या जागी ‘बोलके’ वापरते. मराठवाड्यातील व्यापाऱ्याला या सर्व भाषांतून व्यवहार करावा लागला. त्यामुळे समोरचा नुसता म्हणतो आहे की बोलतो आहे, हे ओळखणे ही त्याच्या धंद्याची पहिली विद्या ठरली.

ती विद्या विसरल्याची किंमत या घराने मोजली आहे. २०२१ च्या ऑगस्टच्या आरंभी सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या घरात गेले. ‘अजून चढणार म्हणे’, ही एकच वार्ता प्रत्येकाच्या फोनवर होती. मुलाने माल धरून ठेवला. त्याच महिन्यात केंद्र सरकारने १२ लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी दिली. पुढे नवा माल बाजारात येऊ लागला आणि दिवाळीच्या आधीच भाव जवळपास निम्म्यावर उतरला. नुकसान मोठे झाले. जाब विचारावा तर कोणाला? ‘म्हणे’ या शब्दाला कर्ता नसतो आणि ज्याला कर्ता नाही, त्याच्या नावावर काही नावे टाकता येत नाही.

त्या वर्षी साथीमुळे मंदिरे बंद होती. पर्युषणातील बोल्या फोनवरूनच झाल्या. भाव तेजीत असताना आजोबांनी पहिल्या अभिषेकाची बोली घेतली होती. मालाला मंदी आल्यावर मुलाने हळूच विषय काढला. “बाबा, रक्कम पुढच्या वर्षी भरू. समोर कोणी नव्हते, कागदावर सही नाही. समाजही समजून घेईल.”

मुलाचे म्हणणे कायद्याला सोडून होते असे नाही. माल विक्री अधिनियम, १९३० याच्या कलम ६४ प्रमाणे लिलाव पुरा झाल्याचे हातोडा मारून किंवा रूढ पद्धतीने जाहीर होईपर्यंत बोली बोलणाऱ्याला ती मागे घेता येते. जाहीर झाल्यानंतर मात्र सौदा पक्का होतो. मोंढ्यातला व्यवहार या नियमाच्या आधाराने चालतो. मंदिरातल्या बोलीत माल नाही आणि नफाही नाही. बोललेली रक्कम विनाविलंब भरावी, एवढा संकेत आहे आणि त्याचा सगळा भार बोलणाऱ्याच्या मनावर आहे.

आजोबांनी मुलाला एकच उत्तर दिले. “मी म्हणालो असतो तर विचार केला असता. मी बोललो आहे.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक मुदत ठेव मुदतीआधी मोडली. व्याजात जे नुकसान झाले ते घरखर्चात धरले आणि बोलीची पूर्ण रक्कम जमा केली. त्या वर्षी घरातली ठरलेली दुरुस्ती राहून गेली. मुलगा काही दिवस नाराज होता. पुढच्या हंगामात मात्र गावोगावचे शेतकरी माल घेऊन त्याच दुकानी आले, तेव्हा त्या नाराजीचा त्यानेच निकाल लावला.

नात हे सगळे ऐकत होती. तिने वहीत वाक्य सुधारले आणि विचारले, “आजोबा, मग तुम्ही आता मला म्हणालात, बोललात की सांगितलेत?”

“सांगितले,” आजोबा म्हणाले. “ऐकणारे कोणी असले, तरच सांगता येते.”

इंग्रजी शाळांत शिकणारी आपली मुले उद्या ‘से’ या एका शब्दावर सगळा व्यवहार करतील. त्यात त्यांचा दोष नाही. मात्र ऐकीव वार्ता, दिलेला निरोप आणि बांधून घेणारा शब्द या तिन्हींची खाती वेगळी असतात, एवढे घरातून त्यांना मिळाले पाहिजे. चोपडी कोणत्या भाषेत लिहायची, हा पुढचा प्रश्न आहे.