आमची जात उघड्यावर फिरते आणि आम्ही गप्प?

"राउटर उघडून कसली चळवळ होणार?" असे आमच्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने आम्हाला विचारले. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर जाहीरपणे देतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या मुलामुलींबरोबर आम्ही काम करतो, ती अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. शिष्यवृत्तीचा अर्ज, भरतीचा अर्ज, क्लासची नोंदणी, सगळे मोबाईलवरून आणि अभ्यासिकेच्या वायफायवरून. एका रविवारी आम्ही घरी वापरतात तसला एक जुना राउटर घेतला. त्यातले कंपनीचे सॉफ्टवेअर काढून ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर टाकले. चौघांच्या संमतीने त्यांचे फोन त्याला जोडले. राउटरमधून जे काही जाते-येते, त्याची नोंद टीसीपीडंप नावाच्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर घेतली आणि ती फाइल लॅपटॉपवर वायरशार्कमध्ये उघडली. एक रुपयाही सॉफ्टवेअरसाठी लागला नाही.

त्या वेळात एका मुलीने एका खासगी क्लासचा नोंदणी अर्ज भरला होता. तो अर्ज आमच्या पडद्यावर जसाच्या तसा उमटला. नाव. मोबाईल नंबर. गाव. आणि 'कॅटेगरी'पुढे 'एससी'.

खोलीत कोणी बोलले नाही. त्या साइटच्या पत्त्यात 'एचटीटीपीएस' नव्हते, नुसते 'एचटीटीपी' होते. त्या शेवटच्या 'एस'मध्येच कुलूप असते. कुलूप नाही म्हणजे राउटर ज्याच्या ताब्यात आहे त्याला, इंटरनेट पुरवणाऱ्याला आणि पुढच्या वाटेवर बसलेल्या कोणालाही तो अर्ज वाचता येतो. वायफायला पासवर्डही नसेल, तर समोरच्या टपरीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्यालाही. आडनाव सांगताना आजही ज्या मुलीला दोनदा विचार करावा लागतो, तिची जात अशी उघड्यावर फिरते आहे.

आता कायद्याकडे बघा. २०१९ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकात 'जात किंवा जमात' ही माहिती संवेदनशील मानली होती. आरोग्य आणि आर्थिक माहितीसारखे तिलाही जादा संरक्षण मिळणार होते. ते विधेयक मागे घेतले गेले. २०२३ मध्ये जो कायदा झाला, त्यात संवेदनशील माहितीचा तो वर्गच उरला नाही. वर सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहेच. जात सांगितल्याशिवाय आम्हाला शिष्यवृत्ती मिळत नाही, आणि सांगितलेली जात जपण्याची खास जबाबदारी मात्र कायद्यात कोणावर नाही! यावर किती मोर्चे निघाले? आमच्या किती नेत्यांनी तोंड उघडले?

काही मित्र म्हणतात, "आपल्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?" त्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातील राजूर आठवावे. प्रा. आनंद तेलतुंबडे त्या गावचे. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपमार्गे जो पेगासस हल्ला झाला, त्यात लक्ष्य झालेल्यांमध्ये त्यांचे नाव आले. पुढे १४ एप्रिल २०२० ला, बाबासाहेबांच्या जयंतीदिवशीच, त्यांना एनआयएपुढे शरण जावे लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये जामीन मिळाला. त्याच भीमा कोरेगाव खटल्यात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये नेटवायर नावाचे हेरगिरीचे सॉफ्टवेअर घुसवून त्यामार्फत पत्रे पेरली गेली, असा निष्कर्ष आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये मांडला. लपवण्यासारखे काही नसलेल्या माणसाच्या यंत्रातही काहीतरी ठेवता येते, हा त्याचा अर्थ.

आम्ही भाबडे नाही. घरातला राउटर पेगासस पकडेल असा आमचा दावा नाही. फोन मोबाईल डेटावर असेल तर राउटरला काहीच दिसत नाही. कुलूपबंद साइटवरचा मजकूरही वाचता येत नाही. पण फोन कोणत्या सर्व्हरशी, किती वाजता, किती बोलला, हे बहुतेक वेळा दिसते. कोणी हात न लावलेला फोन रात्री दोनला कोणाशी बोलतो, हे कळणे लहान गोष्ट नाही. टायनीचेक हे मुक्त साधन याच तत्त्वावर चालते. नवऱ्याने किंवा जोडीदाराने बायकोच्या फोनमध्ये गुपचूप पाळतीचे अ‍ॅप टाकले असेल तर ते ओळखता यावे, यासाठी ते पुढे आले.

आणि एक ताकीद आमच्याच पोरांना. हे साधन शेजाऱ्याच्या वायफायवर चालवायचे नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याचे संदेश टिपणे हा दूरसंचार कायदा २०२३ नुसार तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. गूगलने नेमके तेच केले होते. रस्त्यांचे फोटो काढत फिरणाऱ्या त्यांच्या गाड्यांनी किस्मेट हे मुक्त सॉफ्टवेअर वापरून उघड्या वायफायवरचा लोकांचा मजकूर टिपला, आणि २०१० मध्ये तशी कबुली दिली. साधन तेच असते, प्रश्न ते कोणावर रोखले याचा असतो. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे ओतायला सांगणारी व्यवस्था कोणी काय ऐकावे हे ठरवत होती. आज तीच वृत्ती आमचे सगळे ऐकू पाहते. आम्हाला तिच्यासारखे व्हायचे नाही. आमच्या घरातून काय बाहेर जाते, एवढे आम्हाला कळले पाहिजे.

बोले ठराव १९२३ चा. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे १९२४ मध्ये खुले केले, ते कागदावर. पाणी हातात आले २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब तळ्यापर्यंत चालत गेले तेव्हा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितले. तो हक्कही आज कागदावरच आहे. तळ्यापर्यंत आपल्यालाच चालावे लागेल.

म्हणून प्रत्येक विहारात आणि अभ्यासिकेत महिन्यातून एक दिवस हे शिबिर घ्या. ओपनडब्ल्यूआरटी चालणारा जुना राउटर शोधा. संमती घेऊन आपलेच फोन तपासा, काम झाले की नोंदी पुसून टाका. कुलूप नसलेल्या पानावर जात विचारणाऱ्या क्लासला, कॉलेजला, कार्यालयाला लेखी निवेदन द्या आणि त्याची पोच घ्या. जातीच्या माहितीला कायद्यात खास संरक्षण द्या, ही मागणी आमदार-खासदारांपुढे ठेवा.

त्या मुलीने आपले निवेदन स्वतः लिहून क्लासला दिले आहे. ज्येष्ठ कार्यकर्त्यांना आमचे उत्तर तेच आहे.

जय भीम!