संशोधनपूर्व अनुभव आणि त्याचे निवेदन

पीएच.डी.च्या प्रवेशासाठी येणाऱ्या अर्जांत ‘संशोधनाचा पूर्वानुभव’ या शीर्षकाखाली जे लिहिलेले असते ते बहुधा संशोधनाविषयी नसतेच. चर्चासत्रांतील उपस्थिती, कार्यशाळांची प्रमाणपत्रे, कुठल्याशा अंकात पैसे भरून छापून आणलेले लेख यांची ती यादी असते. यादी जितकी लांब तितका अनुभव मोठा, असा समज विद्यार्थ्यांत रूढ झाला आहे आणि तो रूढ होण्यास अध्यापकवर्गही कारण आहे. 2010 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या नेमणुका व बढत्यांसाठी गुणांकाची पद्धत आणली. त्यानंतर मोजदादीची जी सवय लागली ती वर्गापर्यंत झिरपली. अध्यापकच आपले काम आकड्यांत सांगू लागले, तर विद्यार्थ्याने ते शब्दांत सांगावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. आयोगाच्या 2022च्या नियमावलीने एम.फिल. ही पदवी बंद केली. एम.फिल.च्या लघुप्रबंधाबद्दल तक्रारी पुष्कळ होत्या, त्यांतील काही रास्तही होत्या. परंतु अभ्यासकाने एकदा लहान प्रमाणावर साधने हाताळून पाहिली आहेत याचा तो लेखी पुरावा होता. तो आता उपलब्ध नाही. नेट परीक्षा बहुपर्यायी आहे. तीतून वाचनाचा विस्तार कळेल, पण दोन पाठांतील फरक दिसल्यावर उमेदवार काय करतो ते कळणार नाही. विद्यापीठाच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षेतही लेखी भागाला 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भार आहे. शिवाय प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार एवढेच संशोधक एका वेळी असू शकतात. जागा थोड्या, मुलाखत काही मिनिटांची. अशा स्थितीत उमेदवाराने आपल्या आधीच्या कामाचे केलेले निवेदन हेच निवड समितीपुढचे मुख्य साधन ठरावयास हवे.

प्रत्यक्षात घडते ते उलटेच. ज्याला खरोखर संशोधन म्हणता येईल असे काम अनेक विद्यार्थ्यांनी केलेले असते, आणि नेमके तेच अर्जात येत नाही. एम.ए.च्या प्रकल्पासाठी गावातील बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेणारी विद्यार्थिनी ‘लोकसाहित्यावरील प्रकल्प पूर्ण केला’ एवढ्या एका ओळीवर थांबते. ओव्या किती जणींकडून मिळाल्या? गाऊन घेतल्या की सांगून घेतल्या? (गाताना येणारी पालुपदे सांगताना गळतात, हे जिने ऐकले आहे तिलाच ठाऊक असते.) बोलीतील उच्चार जसाच्या तसा ठेवला की लिहिताना हात आपोआप प्रमाण मराठीकडे वळला? एकच ओवी दोघींनी वेगळ्या नावाने सांगितली तेव्हा कोणता पाठ घेतला, आणि दुसऱ्याचे काय केले? बाई माहेरची ओवी सासरी घेऊन येते. तेव्हा संकलनाचे गाव तेच ओवीचे गाव असे मानता येत नाही. ही अडचण त्या विद्यार्थिनीच्या ध्यानात आली असेल आणि तिने प्रत्येकीचे माहेर नोंदवून ठेवले असेल, तर ती एक नोंद दहा प्रमाणपत्रांहून मोलाची आहे. ती अर्जात मात्र नसते, कारण त्याला ‘संशोधन’ म्हणतात हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

नियतकालिकांच्या सूचीचेही तसेच. ‘विविधज्ञानविस्तार’सारख्या 1867 ते 1937 असा प्रदीर्घ काळ चाललेल्या मासिकाचे काही खंड जो विद्यार्थी ग्रंथालयात बसून पानापानाने तपासतो, त्याच्यापुढे गहाळ अंक, फाटलेली मुखपृष्ठे आणि टोपणनावांनी लिहिणारे लेखक उभे राहतात. त्यांची नोंद कशी करावयाची हा निर्णय त्याला घ्यावा लागतो. शंकर गणेश दाते यांच्या ग्रंथसूचीवाचून मराठीच्या अभ्यासकाचे आजही चालत नाही. तरीही सूचीचे काम म्हणजे कारकुनी, ही समजूत विभागांतून हटत नाही. मग विद्यार्थी ते लपवतो आणि त्याऐवजी ‘उत्तर-आधुनिकता : एक आकलन’ अशा शीर्षकाचा चार पानी लेख पुढे करतो.

वास्तविक या निवेदनाचा उत्तम नमुना मराठी संशोधनाच्या परंपरेतच आहे. अ. का. प्रियोळकरांनी पाठचिकित्सेची जी शिस्त मराठीत रुजवली, तिच्यात संपादक आधी हाताशी असलेल्या पोथ्यांचे वर्णन देतो: पोथी कोठून मिळाली, पाने किती, कोणती गहाळ, लेखनकाल कोणता, लेखनिक कोण, हस्ताक्षर एकाच हाताचे की दोन हातांचे. पोथीचा मोठेपणा सांगणे हा त्या वर्णनाचा हेतू नसतो. तिच्यावर किती विसंबावे हे वाचकाला ठरवता यावे, एवढाच असतो. उमेदवाराने आपल्या अनुभवाचे वर्णन याच वृत्तीने करावे. गहाळ पाने सांगितल्याने पोथीची किंमत कमी होत नाही. तमाशाच्या जुन्या वगाचे बाड शोधत गेलेल्याला ते रद्दीत गेल्याचे कळले आणि अखेर वृद्ध सोंगाड्याच्या आठवणीवर भागवावे लागले, तर तेही लिहावे. लिखित आणि स्मृतिगत साधनांतील भेद त्याला कळला की नाही हे तेथेच दिसते.

या शिस्तीत ‘दोन हातांचे’ अक्षर ओळखण्याला महत्त्व आहे आणि अर्जांत नेमके तेच बुजवले जाते. मार्गदर्शकाच्या प्रकल्पात काम केलेला विद्यार्थी ‘सहभाग’ हा शब्द वापरतो. त्या शब्दाखाली ध्वनिफिती उतरवून काढणेही मावते आणि प्रश्नावली तयार करणेही. त्यातच मराठी विद्वत्लेखनाला कर्मणी प्रयोगाची आवड दांडगी. ‘संकलन करण्यात आले’, ‘वर्गीकरण करण्यात आले’ असे लिहिले की कर्ता नाहीसा होतो. प्रबंधात ते खपून जाईल. पूर्वानुभवाच्या निवेदनात मात्र कर्ता हाच विषय आहे. उतरवून काढण्याचेच काम केले असेल तर तसे लिहावे. कान देऊन केलेले ते काम लहान नव्हे.

यावर एक आक्षेप संभवतो. प्रमाणपत्र निदान तपासता येते. ओघवती भाषा असलेला उमेदवार न केलेल्या कामाचेही सुरस वर्णन करील, त्याचे काय? आक्षेपात तथ्य आहे. परंतु प्रमाणपत्र तपासून काय कळते? शुल्क भरले होते, एवढेच. चर्चासत्राचे नोंदणीशुल्क, प्रवास, छपाईचा खर्च हे सारे ज्याला परवडते त्याची यादी लांबते. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या, घरी अहिराणी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाजवळ प्रमाणपत्रे दोन असतील, पण त्या भाषेतील शेकडो शब्दांची वही असू शकते. अर्जातील ‘प्रसिद्ध शोधनिबंधांची संख्या’ हा रकाना त्या वहीपुढे आंधळा आहे. आयोगाची मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ यादीही 2025 मध्ये बंद झाली. त्यामुळे त्या रकान्यातील आकड्याला जो काही बाह्य आधार होता तोही उरलेला नाही.

तेव्हा विभागांनी तो रकाना काढून त्याजागी दोन पानांचे निवेदन मागवावे आणि मुलाखतीस येताना मूळ टिपणवही, कार्डे किंवा ध्वनिमुद्रणे सोबत आणण्यास सांगावे. रचून लिहिलेले निवेदन वहीपुढे फार वेळ टिकत नाही. समितीने वहीचे मधले एखादे पान उघडावे आणि तेथील खाडाखोड का झाली, एवढे विचारावे.