खड्डे रस्त्याचे, भुर्दंड शॉकअपचा

पावसाळा सरून ऊसतोड सुरू झाली की गावातल्या बहुतेक चारचाकींच्या पुढच्या चाकातून खटखट ऐकू येते. पाण्याने डांबर आधीच सुटलेलं असतं, त्यावरून भरलेल्या ट्रॉल्या जातात. मार बसतो तो गाडीच्या बुशला, लिंक रॉडला, बॉल जॉइंटला आणि शॉकअपला.

तालुक्याच्या गॅरेजला गाडी नेली की दिवस मोडतो, मजुरी वेगळीच. म्हणून मोबाईलवर व्हिडिओ बघून अंगणातच पार्ट बदलणारे आता दिसू लागलेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचाही थोडा हातभार.

यात वावगं काही नाही. ट्रॅक्टर शेतातच खोलणाऱ्याला लिंक रॉड काय अवघड? दोन नट, की झालं. पण सगळेच पार्ट तसे नसतात. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचा शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असतात, आणि स्प्रिंग दाबून बसवलेली असते. ती न आवळता वरचा मधला नट सोडला तर स्प्रिंग उसळून तोंडावर येते, जीवही जाऊ शकतो. व्हिडिओत हे दोन सेकंदात निघून जातं. स्प्रिंग कंप्रेसर नसेल तर मधल्या नटाला हात न लावता अख्खा शॉकअप स्प्रिंगसकट उतरवून गॅरेजला न्यावा. काढण्या-बसवण्याची मजुरी तरीही वाचते. शॉकअप मात्र दोन्ही बाजूंचे सोबतच बदलावेत.

दुसरा धोका जॅकचा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, आणि विटांवरही टेकवायची नाही. वीट सांगून फुटत नाही. घोडीच लावावी.

लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट चाक हवेत असताना पूर्ण आवळले की रबर पिळलं जातं आणि नवा बुश लवकर फाटतो. शेवटचा आवळा गाडीचं वजन चाकावर आल्यावरच द्यायचा. लोअर आर्म किंवा टाय रॉड एंड बदलला तर अलाइनमेंट करून घ्यावं, नाहीतर वाचलेले पैसे टायर खातो.

आता हा खर्च कोणाचा? मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई ठरवली. ती माणसाच्या जिवाची आणि जखमेची. तुटलेला शॉकअप मालकाच्याच खिशातून.

निदान प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर काम पूर्ण झाल्यापासून ५ वर्षं देखभाल ठेकेदाराकडे असते. रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या फलकावर तारीख बघावी. मुदत बाकी असेल तर खड्ड्याचा फोटो काढून 'मेरी सडक' ॲपवर तक्रार टाकता येते.