करमणूक कीं आसूड?

फ्रान्स देशांत १९३९ सालीं ज्याँ रेन्वार यानें ‘खेळाचे नियम’ या अर्थाच्या नांवाचा एक बोलपट काढला. त्यांत बडीं माणसें आहेत, प्रेमाच्या भानगडी आहेत, आणि बाहेरचें दार सदा उघडें ठेवलेलें लग्न आहे. तो पाहून कोणी म्हणतात, ही प्रेमाची नुसती गंमत. यांत उपहास कसला? आमच्या मतें हा आसूडच आहे. तो कोणाच्या पाठीवर पडतो, हें श्रमकरी वाचकांनीं नीट पाहावें.

रोबेर नांवाच्या सरदारानें एक बाई ठेवलेली आहे. हें त्याच्या मंडळींत सर्वांना ठाऊक. ठाऊक नाहीं तें फक्त त्याच्या बायकोला, क्रिस्तीनला. म्हणजे ही मोकळीकहि आधीं पुरुषानेंच घेतलेली! क्रिस्तीनवर एका विमानवीराचें मन बसलें आहे, आणि तोहि वाड्यावर पाहुणा म्हणून बोलावला जातो. नियम एकच: बोभाटा करूं नये. अटलांटिक महासागर ओलांडून उतरतांच हा वीर आपलें दुःख रेडिओवर बोलून दाखवितो. बड्यांच्या लेखीं प्रेम हा त्याचा गुन्हा नव्हे, बोलणें हा गुन्हा आहे.

आतां नोकरांकडे या. रानाचा रखवालदार शूमाखेर याची बायको लिझेत ही मालकिणीची दासी. बायकोनें आपल्याजवळ राहावें एवढेंच त्याचें मागणें, पण तें कोणी मनावर घेत नाहीं. चोरून ससे धरणारा मार्सो वाड्यांत नोकरीस लागतो व तिच्याशीं लगट करूं लागतो. शूमाखेर पिस्तूल घेऊन त्याच्या मागें धांवतो, तेव्हां कांहीं पाहुण्यांना तोहि करमणुकीचाच भाग वाटतो. त्याच रात्रीं सरदार व विमानवीर यांचीहि गुद्दागुद्दी होते, आणि थोड्याच वेळांत ते दोस्त बनतात. दोन्ही नोकरांना मात्र घालवून देण्यांत येतें. शूमाखेरनें घरांत गोळ्या झाडल्या, तो निर्दोष नव्हे. पण लग्न खरें मानणारा तोच एक, आणि रानटीहि तोच ठरला!

नोकरहि या रोगांतून सुटलेले नाहींत. त्यांच्याहि पंक्तींत मानपान आहे. सरदाराचा आईकडचा आजा ज्यू होता, ही कुजबूज तेथेंच चालते. पण बटाट्याच्या कोशिंबिरींतील चूक सरदाराच्या जिभेनें ओळखली, म्हणून आचारी त्याला खरा खानदानी ठरवितो. धन्याच्या जिभेचा अभिमान चाकरानें वाहावा, यापरती गुलामगिरी ती कोणती?

शेवटीं मालकिणीच्या अंगावर लिझेतचा झगा असतो. अंधारांत शूमाखेर तिला आपलीच बायको समजतो आणि तिच्याकडे धांवणाऱ्या विमानवीरावर गोळी झाडतो. शिकारींतल्या जनावरासारखा तो कोलमडला, असें मार्सोच सांगतो. आधींच्या शिकारीच्या देखाव्यांत ससे असेच पडत होते. हाकारे झाडांवर काठ्या आपटीत रान उठवीत होते, आणि बंदुका घेतलेले पाहुणे जागच्या जागीं उभे होते. सरदार पायऱ्यांवर उभा राहून शांतपणें सांगतो, रखवालदाराला चोर वाटला, अपघात झाला. मघाशीं हांकललेला माणूस आतां पुन्हां ‘आमचा रखवालदार’ झाला! एक म्हातारा सेनापति सरदाराच्या खानदानीपणाची वाखाणणी करतो. मढें झांकलें, अब्रू राहिली. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच.

यावर आक्षेप असा कीं, यांत दुष्ट कोणीच नाहीं. रेन्वारनें स्वतः ऑक्ताव नांवाच्या मित्राचें काम केलें आहे, व प्रत्येकाला आपापलीं कारणें असतात असें तो बोलतो. मग उपहास कोठें? आम्हीं म्हणतों, येथेंच! राक्षस रंगवला असता तर बडे लोक हंसून घरीं गेले असते. रेन्वारनें गोड बोलणारीं, दिलदार माणसें दाखविलीं. त्यांत त्यांना आपलें तोंड दिसलें. पॅरिसांत प्रेक्षकांनीं आरडाओरडा केला. रेन्वारला बोलपटाची काटछांट करावी लागली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, महायुद्ध सुरू झाल्यावर, लोकांचें मनोधैर्य खचवितो म्हणून सरकारनें त्यावर बंदी घातली. नुसत्या गमतीला कोण इतकें भितो? चोराच्या मनांत चांदणें! पुढें १९५९ सालीं तो पुन्हां जुळवून जवळजवळ पुरा करण्यांत आला, म्हणून आज पाहतां येतो.

लग्न मोकळें असावें कीं घट्ट, हें ज्यानें त्यानें आपल्या जोडीदाराला विचारून ठरवावें. पण वरच्यांच्या मोकळिकीचें मोल खालच्यांनीं कां भरावें? बोलपट पाहतांना शूमाखेरला हंसण्यापूर्वीं वाचकांनीं हा एक प्रश्न स्वतःस विचारावा.